एका घरात दोन बैरागी पैलवान

त्या रविवारी दुपारी आमची मंडळी एका पडक्या किल्ल्याच्या दारात अडकली होती. किल्ला खोटा, दार खोटं, दारात पहारा देणारा राक्षस तर अगदीच खोटा. खरं काय ते पारनेरमधल्या आमच्या घराची पुढची खोली, खोलीतलं टेबल, राक्षसाचे शिपाई म्हणून टेबलावर मांडलेले वाळके वाटाणे आणि भिंतीकडेच्या कॉटवर पेपर उघडून बसलेले माझे सासरे.

हा खेळ मी पुण्यात नोकरीला असताना शिकले. तसा सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी सरदार. समोर दरी आली तर उडी मारायची की दोर टाकायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशानं सांगायचं. पुढे कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली. आम्ही नवऱ्याच्या घरी पारनेरला राहायला आलो, तेव्हा लॅपटॉपच्या बॅगेत हे फासे आणि ते जाडजूड पुस्तकही आलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी फासे बघितले आणि विचारलं, "ह्ये सोंगट्यांचं पिल्लू का?"

गोष्ट सांगायचं काम माझं. नवरा ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून तो जादूगार. प्रत्येक मंत्राआधी कागदावर आकडेमोड करायचा. नणंद नवऱ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. ती शेजारच्याच गल्लीत राहते आणि एका शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास घेते. तिला मी तिरंदाज केलं होतं. चौथा नवऱ्याचा बँकेतला मित्र, ढाल-तलवारवाला. त्याची कर्जतला बदली झाली आणि आमची आघाडीच मोकळी पडली.

"तुमच्यात पुढं कोन हाय?" पेपरामागून आवाज आला.

आम्ही तिघंही दचकलो. गेले कित्येक रविवार सासरे त्या कॉटवर बसत होते, आणि आम्हाला वाटत होतं ते पेपर वाचतात.

"पुढं म्हणजे, अण्णा?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हंजे त्या राक्षसाच्या अंगाला कोन भिडनार? तू लांबनं मंतर टाकतो. ही लांबनं बान मारती. जवळ कोन जानार?"

"कोणीच नाही. आमचा पुढचा गडी कर्जतला गेला."

"मग बसा वाटाने मोजीत."

सासऱ्यांना मी मामा म्हणते, पण पारनेरात त्यांना सगळे पैलवान म्हणतात. तरुणपणी ते यात्रा-यात्रांतून कुस्त्यांच्या हगाम्यांना जायचे. पुढे गुडघा गेला, आखाडा सुटला, आणि नोकरीची वर्षं त्यांनी पंचायत समितीच्या खुर्चीवर काढली. कान मात्र अजून पैलवानाचेच आहेत, आंबोळीसारखे दुमडलेले.

मी म्हटलं, "मामा, तुम्हीच या ना खेळायला."

"माझं काय वय हाय का असल्या खेळाचं?" असं म्हणत त्यांनी पेपराची व्यवस्थित घडी केली आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

मी पुस्तक उघडलं. चिलखतवाला शिपाई आहे, कुऱ्हाडवाला रानदांडगा आहे, मंत्रतंत्र करणारा पुजारी आहे. मामा मान हलवत होते. मग मी म्हटलं, "आणि एक मठात राहणारा आहे. हत्यार नाही, चिलखत नाही. नुसत्या हातापायांनी लढतो. बैरागीच, पण पैलवान."

"ह्यो!" मामा म्हणाले.

"हा माझा," त्याच क्षणी ताई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा उठून पाणी प्यायला आत गेला. मी नंतर त्याच्या मागे गेले, तेव्हा त्यानं मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. ताई लहान असताना मामांच्या मागे मागे तालमीपर्यंत जायची. दारातून तिला परत पाठवायचे, पोरींचं काम न्हाई म्हणून. मग शाळेत कराटे आलं आणि तिनं ते असं धरलं की सोडलंच नाही. या विषयावर बाप-लेक आजवर कधी बोलले नव्हते. फक्त मामा कराटेला "हवेत हात मारनं" म्हणायचे आणि ताई कुस्तीला "चिखलातली मिठी."

"तुम्हीच मला आधी सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"तुला काय माहीत होतं पुस्तकात बैरागी निघेल ते," नवरा म्हणाला.

आम्ही दोघं परत आलो आणि मी शांतपणे सांगितलं, की या बैराग्यांचे वेगवेगळे पंथ आहेत. दोघांनी दोन वेगळे घेतले तर भांडणच उरत नाही. पुण्याच्या आमच्या जुन्या गटात अशा पंथांच्या तुलनेवर लोक तासन् तास वाद घालायचे, पण ते सगळे खुर्चीत वाढलेले. इथं एकजण तांबड्या मातीतला आणि दुसरी ब्लॅक बेल्ट.

"आधी मला सांग," मामा म्हणाले, "हा लंगोट बांधतो का?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही. चित्रात सैल विजार आहे."

"विजार धरूनच पाडतील त्याला. बरं, खुराक काय?"

मी पानं उलटली. "रोजचा एक शिधा."

"काय काय त्यात?"

"सुकी भाकरी, सुकामेवा, असं."

"दूध?"

"दूध नाही, मामा."

मामांनी ताईकडे बघितलं. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं, की पुस्तक लिहिणाऱ्यानं आयुष्यात व्यायाम केलेला नाही.

मग मी त्यांना दम समजावून सांगितला. मूळ शब्द वेगळा आहे, पण मी दम म्हटलं. प्रत्येक बैराग्याकडे ठरावीक दम असतो. वेगळा डाव टाकायचा की तो खर्च होतो, आणि विश्रांती घेतली की परत भरतो. मामांनी टेबलावर हात आपटला. "दम! ह्ये बरोबर लिव्हलंय. कुस्ती दमावरच जाती." तेव्हापासून त्यांचा पुस्तकावर थोडा विश्वास बसला.

"पहिला मोकळ्या हाताचा पंथ," मी वाचायला घेतलं. "मारता मारता समोरच्याला खाली पाडतो किंवा लांब ढकलतो."

"ह्यो माझा," मामा म्हणाले.

"माझा," ताई म्हणाली.

"दुसरा सावलीचा. एका सावलीत नाहीसा होतो आणि दुसऱ्या सावलीतून निघतो."

"म्हंजे पळतो."

"पळत नाही. मागून येतो."

"मागनं येनाऱ्याला आमी तालमीत काय म्हनायचो, ते तुझ्या आत्यापुढं सांगता यायचं न्हाई."

इथं नवऱ्यानं कागद पुढं केला. त्यानं पुस्तकातल्या तिन्ही पंथांची तुलना मांडली होती. कुठला सरासरी किती मारतो, किती मार खातो, दम किती वेळ पुरतो. त्याच्या हिशेबानं सावलीचा पंथ सगळ्यात सरस होता. मामांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि परत दिला. "सरासरीनं कुस्ती न्हाई हुत," ते म्हणाले. ताईनं तर कागद बघितलाही नाही.

"तिसरा झिंगलेला," मी म्हटलं.

मामांच्या गळ्यात माळ आहे. त्यांनी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आत्यांचा आवाज आला, "आपल्या घरात पिनारं कोनी न्हाई, आन् व्हायचंबी न्हाई!"

"आत्या, तो पीत नाही," मी ओरडून सांगितलं. "नुसता प्यायल्यासारखा झुलतो. समोरचा फसावा म्हणून."

यावर मामा एकदम हसायला लागले. असे की डोळ्यांत पाणी आलं. "असला एक गडी मला कोल्हारच्या यात्रंत भेटला हुता," ते म्हणाले. "आखाड्यात आला तोच झुलत. मला वाटलं, पिऊन आलाय. म्हनलं, बिचाऱ्याला हळूच पाडू, लोकांत शोभा नको. असा सैल हात घातला मी. आन् फुडच्या घडीला वर आभाळ. पाठीखाली माती. त्यो माझ्या छातीवर बसून इचारतो, पैलवान, लागलं का?"

आम्हीही हसलो. ताई तर सगळ्यांत जास्त. मामांनी ही कुस्ती घरात कधीच सांगितली नव्हती. सांगितलेल्या सगळ्या जिंकलेल्या होत्या.

हसणं थांबल्यावर त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, तरी बैराग्याच्या चित्राखालच्या चौकटींवरून बोट फिरवत राहिले. ताकद, चपळाई, जीव, दम. मी एकेक सांगत होते.

"याच्या गुडघ्याचं कुठं लिव्हलंय?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्याचं काही नसतं, मामा. हा भिंतीवरूनही पळू शकतो."

"म्हातारपनी?"

"म्हातारपणीही. उलट यांचा एक गुण असा आहे, की वयाचा त्रासच होत नाही."

"आसं," ते म्हणाले आणि पान उलटलं.

पहिला पंथ मात्र सुटेना. दोघांनाही मोकळा हातच हवा. शेवटी ताई म्हणाली, "अण्णा, दोघांचेही बैरागी करू आणि लावू कुस्ती. जिंकेल त्याचा पंथ."

"लाव," मामा म्हणाले. "पुढल्या रईवारी. पंच पायजे पन. ही न्हाई, ही तुझ्याकडची हाय." म्हणजे मी. "त्यो तर कोनाकडचाच न्हाई." म्हणजे नवरा.

पंच म्हणून आत्या उभ्या राहिल्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, आणि याच गुणावर त्यांची निवड झाली.

त्या आठवड्यानं घरात काही सुचू दिलं नाही. ताईनं पुस्तक घरी नेलं आणि खुणा करून आणलं. मामा रोज सकाळी चहाला माझ्या टेबलापाशी यायचे. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायचे आणि ते कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून खुणेनं विचारायचे, की पकड मारल्यावर दुसऱ्याला उठता येतं का. मी म्यूट करून उत्तर द्यायचे. दुपारी ते कॉटवर बसून फासा टाकायचा सराव करायचे. फासा पडून कॉटखाली जायचा, मग आत्या झाडू घेऊन तो काढून द्यायच्या. शनिवारी त्यांनी तो मारुतीच्या फोटोला लावून आणला.

रविवारी सगळे वेळेच्या आधीच टेबलाशी होते. आत्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला, भांडा."

मामांनी पहिला डाव जाहीर केला. "एकेरी पट काढतो."

"टाका फासा."

फाशावर तीन पडले.

"पकड निसटली," मी म्हटलं.

"निसटली? माझा पट?" मामा उभे राहिले. "आरं, माझा पट आख्ख्या तालुक्यात कोनाला सुटला न्हाई! ए, तू ऊठ. उभा राहा हितं."

"अण्णा, कशाला..." नवरा म्हणाला, पण उभा राहिला. त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मामा खाली वाकले, त्याचा एक पाय उचलला गेला, आणि गणिताचे सर जमिनीवर. टेबलाला धक्का बसला, राक्षसाचे शिपाई खोलीभर पसरले.

"ही पकड," मामा धापा टाकत म्हणाले. "आता सांग, निसटली का?"

"तुमची नाही निसटली, मामा. बैराग्याची निसटली."

"आत्या, तुम्ही सांगा," ताई म्हणाली आणि जीभ चावली. ती आईला आत्या कधीच म्हणत नाही. माझं ऐकून तोंडात आलं.

आत्यांनी फासा उचलून निरखून बघितला. "पडलं त्ये खरं," त्या म्हणाल्या. "आन् पोराला उठवा आधी."

नवरा म्हणाला, की तो खालीच बरा आहे. तिथून सगळं नीट दिसतं.

मग ताईची पाळी. तिनं दम खर्च करून मामांच्या बैराग्याच्या बरगडीत असा ठोसा दिला की तो सुन्न झाला. नियमाप्रमाणे सुन्न झालेल्याची पाळी जाते.

"म्हंजे मी आता काय करायचं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. गप्प बसायचं."

"ह्यो नियम मला आवडला," पंच म्हणाल्या.

पुढे कुस्ती चांगलीच रंगली. मामांनी तीनदा पट काढला, त्यातला एक लागला. ताईचा बैरागी पडला, उठला, भिंतीवरून उडी मारून मागे आला. मामांनी ढकललं, ताईनं उलट ढकललं. दोघांचा जीव संपत आला आणि दमही. मामांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. ताई उभीच होती, कधीची.

"बोला ताई," मी म्हटलं. "ठोसा की लाथ?"

"दोन्ही नाही," ताई म्हणाली. "मी ढाक लावते."

मामांचा हात बाहीवरच थांबला. ढाक म्हणजे समोरच्याचा हात बगलेत अडकवून, पाठ वळवून, कमरेवरून आपटायचं. कुस्तीतला डाव, कराटेतला नाही.

"तुला कुठली ढाक म्हाईत?"

"खिडकीतून बघितली होती. तालमीच्या मागच्या."

नवरा जमिनीवरून उठून बसला. मी पुस्तकात ढाकीचा नियम शोधायचं नाटक केलं. असा नियम नव्हताच. मी म्हटलं, दोघांनीही फासा टाका, ज्याचा मोठा त्याचं खरं. ताईला सतरा पडले. मामांनी फासा बराच वेळ मुठीत घोळवला. अकरा.

"चितपट," आत्या हळूच म्हणाल्या.

मामा पुस्तकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ढाक मारताना तिचा पाय कुठं हुता?"

"तेवढं पुस्तकात नसतं, मामा."

"मग ती ढाक न्हवं." ते उठले. "ए, गादी आना."

"अहो, गुडघा!" आत्या ओरडल्या.

"गुडघ्याचं मी बघतो."

मी आणि नवऱ्यानं कॉटवरची गादी ओढून पडवीत टाकली. मामा त्यावर उभे राहिले. अडुसष्ट वर्षांचे, पायजमा खोचलेला. समोर ताई, चाळिशीला आलेली, ओढणी कमरेला बांधलेली.

"हात घाल. न्हाई, आसा न्हाई, बगलंखालनं. आवळ. आवळ म्हन्तो ना, मी काय काचंचा हाय? आता वळ. पाठ लाव. कंबर खाली. आजून खाली."

ताई वळली. मामांचे पाय जमिनीवरून सुटले आणि ते तिच्या पाठीवर तिरके होऊन राहिले. ताई तशीच थांबली.

"टाक की!"

"अण्णा, लागेल तुम्हाला."

"हगाम्यात इचारशील का, लागंल का म्हनून? टाक!"

तिनं टाकलं. गादीतला सगळा कापूस एकदम दबल्याचा आवाज आला. गल्लीतून जाणारा टेम्पोवाला गाडी हळू करून बघत गेला. मामा उताणे पडून पत्र्याकडे बघत होते. आत्या तोंडावर हात धरून उभ्या. मग मामांची छाती हलायला लागली, आणि आम्हाला कळलं की ते हसतायत.

"शिकायला लई उशीर केला तू," ते पडल्या पडल्या म्हणाले.

"मी केला?" ताई म्हणाली.

मामांनी एक हात वर केला. "उठव मला. कंबर कमी पडली तुझी. परत लाव."

त्या दुपारी राक्षसाकडे कोणी गेलंच नाही. संध्याकाळी चहा झाला तेव्हा ताईला सहा-सात वेळा ढाक लावून झाली होती, मामांच्या गुडघ्याला आत्यांनी मलम लावलं होतं आणि नवऱ्याच्या पाठीला मी. मोकळ्या हाताचा पंथ ताईला मिळाला. मामांनी कोणाला न विचारता झिंगलेला घेतला. त्यावर आत्यांची एक अट होती. बैराग्याच्या कागदावर सगळ्यात वर त्यांनी मला मोठ्या अक्षरात लिहायला लावलं: निर्व्यसनी. आणि पुढच्याच रविवारी त्या स्वतः पुजारी होऊन टेबलाशी येऊन बसल्या. एका घरात दोन दोन पैलवान म्हटल्यावर औषधपाण्याला कोणीतरी हवंच, असं त्यांचं म्हणणं. त्या प्रत्येकाला बरं करतात, पण आधी चांगलं बोलून घेतात.

ताई आता शनिवारी तिच्या क्लासमधल्या मुलींना एक तास कुस्तीचे डाव शिकवते. तास सुरू व्हायच्या आधी मामा तिच्या स्कूटीवर मागे बसून जातात, घट्ट धरून, कारण तिचं चालवणं त्यांना पसंत नाही. हॉलच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली असते. त्यात ते बसत नाहीत, मुलींच्या भोवती फिरत "कंबर, कंबर!" असं ओरडत राहतात. एकदा मी बघायला गेले होते. तास संपल्यावर मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि कराटेच्या पद्धतीनं हात मांडीशी ठेवून मामांपुढे वाकल्या. आता उलट काय करायचं असतं ते मामांना माहीत नव्हतं. त्यांनी ताईकडे बघितलं. ताई मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मग त्यांनी जरा विचार केला, पायजमा वर घेतला आणि असा दणदणीत शड्डू ठोकला, की पहिल्या रांगेतल्या दोघी मागे सरकल्या आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.